गेल्या दोन आठवड्यांत

तिसरा मजला, रक्तपेढीच्या वर.
खिडकीतून पुणे स्टेशन दिसत नाही,
गाड्यांचा उशीर तेवढा ऐकू येतो.
पंखा दोनवर. तीनवर ठेवला की फॉर्म उडतात.

‘गेल्या दोन आठवड्यांत,’ मी विचारते,
‘किती दिवस चिंता वाटली?’
एकही नाही, शून्य. थोडे, एक.
निम्म्याहून जास्त, दोन. जवळजवळ रोज, तीन.
नाव लिहायचं नाही. क्रमांक लिहायचा.

अकरा क्रमांक परीक्षार्थींच्या गटात.
गाव भूम तालुक्यात, कॉट नवी पेठेत, प्रयत्न चौथा.
‘चिंता अशी नाही मॅडम.
फक्त घरचा फोन आला
की वाजून थांबेपर्यंत मी श्वास घेत नाही.’
किती दिवस असं?
‘फोन तर रोजच येतो.’
तीन.

बावीस क्रमांक डायलिसिसवर.
मार्केट यार्डात कांद्याचा लिलाव पुकारायचे,
आवाज अजून तसाच, खोलीत मावत नाही.
‘चिंता आणि चिता, एका टिंबाचा फरक!’
हे वाक्य मला आजवर चौदा जणांनी ऐकवलंय.
त्याला रकाना नाही.
मी हसते, तेही हसतात,
मग आवाज पार खाली आणून विचारतात,
नळीतून परत येतं ते
माझंच असतं ना हो, रक्त?

‘चिंता’ हा शब्द समितीनं ठरवला.
इंग्रजीतून मराठीत आणला, उलटा नेऊन तपासला,
दोन्हीकडे सही-शिक्क्यात पास झाला.
समोर बसणारे मात्र तो वापरत नाहीत.
ते म्हणतात धाकधूक, घालमेल,
पोटात खड्डा, जीव टांगणीला,
एक जण म्हणाला, आत कुणी मिक्सर लावून
झाकण धरायला विसरलंय.
मी समासात पेन्सिलनं टिपून ठेवते.
ऑडिटच्या आदल्या दिवशी खोडते.

सदतीस.
धायरीहून दोन बस बदलून यायची.
नवऱ्याची बायपास झालेली, ती शुश्रूषा करणाऱ्यांच्या गटात.
रात्री सात-आठ वेळा उठून
त्याच्या नाकाखाली बोट धरायची.
बोटाला ऊब लागली की आडवी व्हायची,
आणि आडवी झाली की वाटायचं,
ती ऊब मघाचीच असेल.

पहिल्या भेटीत सतरा गुण.
चौथ्या आठवड्यात चौदा.
बाराव्यात सहा.
बेरीज करताना मला आनंद झाला.
तो व्हायला नको होता.
कुणाच्या बाटलीत औषध, कुणाच्या बाटलीत नाही,
हे तिलाही ठाऊक नसावं, मलाही,
अशीच अभ्यासाची मांडणी.
मला तर बाटलीवरचा तिचा क्रमांक
जरा जास्तच नीट चिकटवल्यासारखा दिसायचा.

दिवाळीनंतर पाकिटं फुटली.
सदतीस: पीठ.
रंग, आकार, कडवट लेप सगळं खऱ्यासारखं,
आत पीठ.

तिचाच फोन आला गुरुवारी.
‘ताई, त्या पांढऱ्या गोळ्या संपल्या.
आमच्या मेडिकलवाल्याला नाव सांगू का?’

सांगणं भागच होतं. नियमात आहे, कागदावर आहे,
तिची सही आहे त्यावर, मराठीत, थोडी वाकडी.
मी सांगितलं.
मागे कुकरची शिट्टी झाली. तिनं मोजली असावी.
मग म्हणाली,
‘म्हणजे झोप माझीच होती?’

मी फॉर्म पुढे ओढला, सवयीनं.
पेन उघडलं.
त्यात असा प्रश्न नव्हता.

‘आणि आता, कळल्यावर,’ ती म्हणाली,
‘यायची राहील का हो?’

खाली अनाउन्समेंट सुरू होती,
कुठलीशी गाडी अर्धा तास उशिरा.
‘पुढच्या गुरुवारी या,’ मी म्हटलं.
‘कशाला?’
‘अशाच.’
अभ्यासात ती भेट धरलेली नाही.
भाड्याचे साठ रुपये मी वेगळ्या पाकिटात काढून ठेवले,
त्यावर क्रमांक घातला नाही.